एवढासा 'अप', त्याची घरं पाच!

बालमित्रांनो, 'मला इंग्रजी येत नाही' असं तुमच्यापैकी कितीतरी जण म्हणतात. मग मला सांगा, बाईंनी वर्गात 'स्टँड अप' म्हटलं की तुम्ही काय करता? उभे राहता. शाळेला उशीर होतोय आणि ताई दारातून 'हरी अप, हरी अप' असं ओरडतेय, तेव्हा? चपला कशाबशा अडकवून पळत सुटता. आणि मागच्या बाकावर कुजबूज चालू असताना कुणी 'शट अप' म्हणालं तर? सगळे चिडीचूप! यांपैकी एकाही शब्दाचा अर्थ पाहायला तुम्ही शब्दकोश उघडला नव्हता. तरी तो तुम्हाला कळला की नाही?

एवढंच नाही. बाजारात भाजीची पोती घेऊन येते ती पिकअप. स्नेहसंमेलनात तोंडाला फासतात तो मेकअप. दवाखान्यात होतो तो चेकअप. पोलीस चोराला कोंडतात ते लॉकअप. गोलंदाज लांबून धावत येतो तो रनअप. चित्रीकरण संपलं की होतं ते पॅकअप. कधी शाळेत न गेलेली आजीसुद्धा 'डॉक्टरकडे चेकअपला जायचंय' असं सहज म्हणून जाते. म्हणजे हा 'अप' नावाचा एवढासा पाहुणा आपल्या घरात केव्हाचा येऊन बसला आहे. आपण त्याची नीट ओळख तेवढी करून घेतलेली नाही. आज ती करून घेऊ या.

हे शब्द अवघड का वाटतात?

इंग्रजीत एक गंमत आहे. क्रियापदाच्या मागे अप, डाऊन, ऑन, ऑफ, इन, आउट असा एखादा छोटा शब्द येऊन बसतो आणि दोघांचा मिळून एक वेगळाच अर्थ तयार होतो. 'गिव्ह' म्हणजे देणे. 'अप' म्हणजे वर. मग 'गिव्ह अप' म्हणजे काय? माझ्या वर्गातल्या एका मुलाने पटकन हात वर करून सांगितलं, 'वर देणे!' सगळा वर्ग हसला. पण त्याचं फार काही चुकलं नव्हतं. दोन आणि दोन चार, असा साधा हिशेब त्याने केला होता. फक्त या शब्दांत दोन आणि दोन कधीकधी पाचही होतात. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे.

अशा जोडशब्दांना इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव १९२५ साली लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाच्या पुस्तकातून लोकांसमोर आलं. ते नाव आपल्याला हेन्री ब्रॅडली या शब्दकोशकाराने सुचवलं, असं स्मिथ यांनी त्यातच सांगून टाकलं आहे. पण शब्द मात्र फार जुने बरं का! सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा आपला गाजलेला शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं आहे की, परक्या माणसाला इंग्रजी शिकताना सर्वांत जास्त त्रास या जोडशब्दांचाच होतो. म्हणजे पहा, तुम्हाला हे शब्द अवघड वाटतात यात तुमचा काही दोष नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच एका मोठ्या पंडिताने तसं मान्य करून ठेवलेलं आहे!

आता गाइडांमध्ये हे शब्द कसे दिलेले असतात ते आठवा. 'गेट'ची एक यादी. गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट थ्रू. मग 'पुट'ची यादी. मग 'टेक'ची यादी. पाठ करता करता डोकं गरगरायला लागतं, आणि परीक्षेच्या दिवशी 'पुट'चे अर्थ 'टेक'ला जाऊन चिकटतात. म्हणून आज आपण दुसऱ्या वाटेने जाऊ. पुढचं क्रियापद बाजूला ठेवायचं आणि मागचा छोटा शब्द हातात धरायचा. त्याला विचारायचं, 'बाबा रे, तू काय काम करतोस?'

आपल्या भाषेतही हेच आहे की!

'आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार' हे शब्द मोठ्याने म्हणून पहा. सगळ्यांचं मूळ एकच, 'हृ' हा संस्कृत धातू. पण पुढे 'आ' लागला तर जेवण, 'वि' लागला तर फिरणं, 'प्र' लागला तर घाव आणि 'सं' लागला तर नाश! पुढे जोडल्या जाणाऱ्या या चिमुकल्या शब्दांना आपण उपसर्ग म्हणतो. आपले उपसर्ग शब्दाच्या पुढे बसतात, इंग्रजीचे हे छोटे शब्द मागे बसतात. फरक काय तो एवढाच. जुन्या इंग्रजीत तेही बऱ्याचदा पुढेच बसत. त्याची खूण अजून सापडते. 'ब्रिंग अप' म्हणजे लहानाचं मोठं करणं, पण त्याचं नाम होतं 'अपब्रिंगिंग'. पहा, 'अप' कसा टुणकन उडी मारून पुढे आला!

चला तर, 'अप'च्या पाच घरांची दारं एकेक करून वाजवू या.

पहिलं घर : वर

हे सर्वांत सोपं. खालून वर जाणं. 'स्टँड अप' म्हणजे उभे राहा. 'सिट अप' म्हणजे पाठ वर करून ताठ बसा. 'लुक अप' म्हणजे वर पाहा. 'पिक अप' म्हणजे खाली पडलेलं उचला. बसमध्ये मळमळलं आणि पोटातलं वर आलं तर त्याला म्हणतात 'थ्रो अप'. ईऽऽ म्हणू नका, शब्द लक्षात राहिला ना?

'वेक अप' आणि 'गेट अप' यांत मात्र घोटाळा करायचा नाही. 'वेक अप' म्हणजे जाग येणं आणि 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणं. थंडीच्या दिवसांत काही जणांचं 'वेक अप' सहाला होतं आणि 'गेट अप' साडेसातला!

आपला 'उठ' हा शब्दही याच जातीचा आहे. संस्कृतातल्या 'उत्' म्हणजे वर आणि 'स्था' म्हणजे उभं असणं यांच्यापासून 'उत्थान' झालं आणि त्याच कुळातून आपलं 'उठणं' आलं. इंग्रजीतला 'स्टँड' आणि आपला 'स्था' हेही एकाच पुरातन घराण्यातले. तेव्हा आई 'उठ रे' म्हणते, तेव्हा ती आपल्या भाषेतलं 'स्टँड अप'च म्हणत असते.

दुसरं घर : जास्त

हंड्यात पाणी ओतत गेलं की पातळी वर चढते. पोत्यांची थप्पी वाढली की ती उंच होते. जास्त म्हणजे वर आणि कमी म्हणजे खाली, हे आपण लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आलो आहोत. म्हणून तर आपण म्हणतो, ताप चढला, भाव चढले, पारा चढला, 'आवाज चढवू नकोस!' भावाला काय पाय असतात चढायला? पण आपण म्हणतो. इंग्रजी माणूसही तसंच म्हणतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अभ्यासकांनी १९८० साली एक पुस्तक लिहून दाखवून दिलं की, रोजच्या बोलण्यात माणसं 'जास्त'साठी 'वर' आणि 'कमी'साठी 'खाली' किती सहज वापरतात.

या घरात राहणारे शब्द पहा. 'गो अप' म्हणजे भाव वाढणं. 'स्पीक अप' म्हणजे मोठ्याने बोला. 'टर्न अप द रेडिओ' म्हणजे रेडिओचा आवाज वाढव. 'स्पीड अप' म्हणजे वेग वाढव. 'वॉर्म अप' म्हणजे अंग गरम करणं. खो-खोच्या सामन्याआधी मैदानाला फेऱ्या मारता ना, तेच ते. 'चीअर अप' म्हणजे उदास बसू नकोस, खुलून ये. 'ग्रो अप' म्हणजे मोठं होणं. आणि आपली 'हरी अप' इथेच राहते. घाई कर, आणखी घाई कर!

या घराची एक खूण सांगते. इथल्या काही शब्दांना 'डाऊन' लावलं की उलटा अर्थ मिळतो. 'टर्न अप'चं 'टर्न डाऊन', 'स्पीड अप'चं 'स्लो डाऊन'. एकावर एक फुकट!

तिसरं घर : पुरतं, अगदी शेवटपर्यंत

हे घर सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मराठी मुलांना सगळ्यांत सोपं. कसं ते पहा.

आई म्हणते, 'भाकरी खा.' आणि थोड्या वेळाने म्हणते, 'उरलेली भाकरी खाऊन टाक.' दोन्हींत फरक आहे ना? 'खा' म्हणजे खायला लाग. 'खाऊन टाक' म्हणजे संपव, ताटात काही ठेवू नकोस. आता या 'टाक'चा अर्थ फेकणं असा आहे का? तसं असतं तर भाकरी खाऊन झाल्यावर तुम्ही ताट फेकून दिलं असतं! मराठी शिकायला बसलेला परदेशी माणूस इथे नक्की अडखळत असणार. आपल्याला मात्र ते कुणी शिकवावं लागलं नाही.

इंग्रजीत हेच काम 'अप' करतो. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'ड्रिंक' म्हणजे पी, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'यूज' म्हणजे वापर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. 'टेअर' म्हणजे फाड, 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे तुकडे कर. 'ड्राय' म्हणजे वाळणं, 'ड्राय अप' म्हणजे विहीर आटून जाणं. 'क्लीन अप' म्हणजे सगळा पसारा आवरून टाकणं.

म्हणून युक्ती अशी. मराठीत जिथे 'टाकणं' किंवा 'जाणं' जोडून काम पुरतं झाल्याचं सांगता येतं, तिथे इंग्रजीत 'अप' बसतो का ते पाहायचं. दर वेळी बसेलच असं नाही, पण पुष्कळदा बसतो. खूण हवी असेल तर भरणारी घागर डोळ्यांपुढे आणा. पाणी वर वर येत काठाला टेकलं की काम पूर्ण झालं!

एक सावधगिरी मात्र हवी. कागद जळून खाक झाला तर 'बर्न अप' म्हणतात, पण घर जळून गेलं तर 'बर्न डाऊन'. का बरं? कारण जळालेलं घर कोसळून जमिनीला मिळतं. शब्दामागचं चित्र पाहिलं की शब्द आपोआप कळतो.

आणि 'शट अप'? 'शट' म्हणजे बंद कर, 'शट अप' म्हणजे तोंड पुरतं बंद कर. अर्थ कळला, आता तो शब्द वापरायचा नाही! कानाला तो फार उद्धट लागतो. त्याऐवजी 'बी क्वाएट, प्लीज' म्हणावं.

चौथं घर : जवळ, समोर

या घराकडे आगगाडीने जाऊ. रेल्वेच्या माणसांच्या तोंडी 'अप गाडी' आणि 'डाऊन गाडी' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. मुंबईच्या लोकलमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी अप असते आणि तिथून बाहेर जाणारी डाऊन. आता गंमत पहा. पुण्याहून मुंबईला येणारी गाडी लोणावळ्याहून कर्जतकडे येताना बोरघाट उतरते. गाडी चालली आहे खाली, पण तिचं नाव अप! कारण इथे 'अप'चा अर्थ उंच असा नाही. मुख्य ठाण्याकडे, असा आहे. ही पद्धत इंग्लंडातून आली. तिथे लंडनकडे जाणारी गाडी अप म्हणतात, मग वाटेत चढ असो की उतार.

म्हणून 'कम अप टू मी' म्हणजे माझ्याजवळ ये. 'कॅच अप' म्हणजे मागे पडला असाल तर पुढच्याला गाठणं. 'कीप अप' म्हणजे बरोबरीने चालत राहणं, मागे न पडणं. 'टर्न अप' किंवा 'शो अप' म्हणजे येऊन हजर होणं. 'कम अप' म्हणजे एखादा विषय किंवा अडचण पुढे येणं. तळ्याच्या तळाची वस्तू वर आली की आपल्याला दिसते, तसंच हे. शब्दकोशात शब्द शोधणं म्हणजे 'लुक अप'. हजारो शब्दांखाली दडलेला आपला शब्द वर काढायचा.

तुमच्या ध्यानात आलं का? 'लुक अप' पहिल्या घरातही होता, वर पाहणं या अर्थाने. 'टर्न अप' दुसऱ्या घरातही होता, आवाज वाढवणं या अर्थाने. काही शब्दांची अशी दोन-दोन घरं असतात. मग ओळखायचं कसं? शेजारी कोण आहे ते पाहायचं. शेजारी आकाश असेल तर वर पाहणं, शब्द असेल तर शोधणं. शेजारी रेडिओ असेल तर आवाज वाढवणं, पाहुणा असेल तर हजर होणं.

पाचवं घर : एकत्र, घट्ट

शेतातल्या कडब्याच्या पेंढ्या गोळा करून रचल्या की गंज उभी राहते. सुटं होतं ते एका जागी आलं आणि उंचही झालं. या घरातली क्रियापदं अशी गोळा करणारी, बांधणारी, बंद करणारी आहेत. 'टाय अप' म्हणजे बांधून ठेवणं. 'पॅक अप' म्हणजे सामान आवरून बांधणं. 'रॅप अप' म्हणजे गुंडाळणं. 'बटन अप' म्हणजे शर्टाची सगळी बटणं लावणं. 'लॉक अप' म्हणजे कुलूप लावून कोंडणं. 'ॲड अप' म्हणजे सगळे आकडे मिळवणं. 'सेव्ह अप' म्हणजे पैसे साठवत जाणं. 'लाइन अप' म्हणजे रांगेत उभं राहणं.

घराबाहेरची मंडळी

सगळी क्रियापदं या पाच घरांत मावतात असं मात्र समजू नका. काही उनाड पोरं ओट्यावर फिरत असतात, त्यांना वेगळं लक्षात ठेवावं लागतं. तरी त्यांच्याही मागे बऱ्याचदा एखादी गोष्ट असते.

'हँग अप' म्हणजे फोन ठेवून देणं. हँग म्हणजे टांगणं. पूर्वी टेलिफोन भिंतीवरच्या पेटीत असे आणि बोलणं संपलं की कानाला लावायचा भाग आकड्याला वर टांगून ठेवत. पेटी गेली, आकडा गेला, आता मोबाइल आला, तरी शब्द टांगलेलाच राहिला! 'गिव्ह अप'चंही तसंच. किल्ला शत्रूच्या हवाली करणं यालाही 'गिव्ह अप'च म्हणतात. हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळं होणं. त्यावरून प्रयत्न सोडून देणं असा अर्थ आला. 'मेक अप'ला तर चार तोंडं आहेत. चेहरा रंगवणं, खोटी गोष्ट रचणं, भांडणानंतर पुन्हा गट्टी करणं, आणि 'माइंड' जोडलं की मनाचा निश्चय करणं. आणि 'पुट अप विथ' म्हणजे त्रास निमूटपणे सोसणं.

तीन छोटे नियम

पहिला नियम. 'पिक अप द बुक' म्हणता येतं आणि 'पिक द बुक अप' असंही म्हणता येतं. पण 'बुक'च्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसवायचं. 'पिक इट अप' बरोबर, 'पिक अप इट' चूक. 'इट', 'हिम', 'हर', 'देम' ही लहान मुलं आहेत. स्कूटरवर लहान मूल जसं दोघांच्या मध्ये बसतं, तसं यांना मध्येच बसवायचं. हा नियम 'पिक अप', 'लुक अप', 'टेअर अप' अशा क्रियापदांचा. 'कॅच अप विथ हिम' सारख्या तीन शब्दांच्या जोडीत मात्र 'हिम' शेवटीच येतो.

दुसरा नियम. क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहायचे आणि जोर 'अप'वर द्यायचा. नाम झालं की बहुधा दोन्ही जवळ येतात, कधी एकत्र तर कधी मध्ये छोटी रेघ, आणि जोर पहिल्या शब्दावर जातो. 'मेक अप' आणि 'मेकअप' मोठ्याने म्हणून पाहा, फरक कानाला कळेल.

तिसरा नियम. उगीच दिसेल तिथे 'अप' चिकटवायचा नाही. आपल्याकडे पुष्कळ मोठी माणसंसुद्धा 'कोप अप विथ' म्हणतात. बरोबर शब्द नुसता 'कोप विथ' असा आहे. तिथे 'अप'चं काही काम नाही.

एवढा खटाटोप कशाला?

तुम्ही विचाराल, 'बाई, परीक्षेत यावर किती मार्कांचा प्रश्न असतो?' थोड्याच मार्कांचा. तरी हे शब्द शिकलेच पाहिजेत. का, ते सांगते.

इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी बऱ्याचदा दोन शब्द असतात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबारात, कचेरीत फ्रेंचचा शिरकाव झाला, तर विद्वानांच्या लिखाणात लॅटिन होतीच. तिकडून आलेले भारदस्त शब्द पुस्तकात बसले. घरातले, शेतातले लोक मात्र आपले जुने छोटे शब्द जोडून बोलत राहिले. पुस्तकात 'सरेंडर', तोंडी 'गिव्ह अप'. पुस्तकात 'टॉलरेट', तोंडी 'पुट अप विथ'. पुस्तकात 'इन्क्रीज', तोंडी 'गो अप'. पुस्तकात 'अराइव्ह', तोंडी 'टर्न अप'. आपल्याकडे नाही का, अर्जात 'उपस्थित राहणे' आणि घरात 'येणं'!

आपली मराठी शाळेतली मुलं पुस्तकातले मोठे शब्द घोकून पाठ करतात, पेपरात चांगले मार्क मिळवतात, आणि कुणी साधं बोलायला लागलं की गोंधळून गप्प होतात. मग वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. वाटतं, इंग्रजी आपल्यासारख्यांची नव्हेच. पुढे अकरावीला विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आली की हुशार मुलंही मागच्या बाकावर सरकतात. त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं. घरातल्या, रस्त्यावरच्या इंग्रजीशी त्यांची कधी ओळखच करून दिलेली नसते. ती ओळख अशा चिमुकल्या शब्दांपासून होते.

पालकांसाठी चार शब्द

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. त्यामुळे ज्यांना स्वतःला इंग्रजी फारसं शिकायला मिळालं नाही, अशा पुष्कळ आईवडिलांना 'आम्ही मुलांना काय सांगणार?' असं वाटतं. त्यांना माझं सांगणं एवढंच की, तुम्हाला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. तुम्हाला मराठी येतं, ते पुरेसं आहे. मुलाने 'ईट अप' वाचलं की विचारा, 'खा आणि खाऊन टाक यांत काय फरक रे?' तो सांगेल, आणि सांगता सांगता त्याला इंग्रजीही कळेल. मूल चुकलं तर हसू नका. 'वर देणे' असं उत्तर देणारा मुलगा विचार करत असतो. विचार करणाऱ्याला हसलं की तो पुढच्या वेळी हात वर करत नाही.

आता तुमची पाळी

एक जुनी वही घ्या. पाच पानांवर पाच घरं काढा आणि दारांवर पाट्या लावा : वर, जास्त, पुरतं, समोर, एकत्र. सहावं पान ओट्याचं. रोज एक नवा 'अप' शोधायचा आणि त्याला घर द्यायचं. घर सापडलं नाही तर ओटा आहेच. मधल्या सुट्टीत 'अपचा हुकूम' खेळा. एकाने हुकूम सोडायचा, 'लाइन अप', 'पिक अप युअर बॅग', 'क्लीन अप', आणि बाकीच्यांनी ते करून दाखवायचं. जो चुकेल तो पुढचा हुकूम देणार.

आणि हे कोडं सोडवा. रिकाम्या जागी कोणतं क्रियापद येईल? कंसाबाहेर उड्या मारणारे शब्द असे : सेव्ह, लुक, ईट, कॅच, स्पीक, ड्राय, चीअर, टर्न.

१. शेवटच्या बाकावरच्या मुलाचा आवाज ऐकू येत नाही. बाई म्हणतात, 'प्लीज ..... अप.'
२. तापामुळे आठवडाभर शाळा बुडली. आता वर्गाला गाठायचं आहे, म्हणजे ..... अप करायचं आहे.
३. सायकल घ्यायची म्हणून वर्षभर डब्यात पैसे साठवले, म्हणजे ..... अप केले.
४. मे महिन्यात गावची विहीर आटते, म्हणजे ..... अप होते.
५. अडलेला शब्द शब्दकोशात ..... अप करावा.
६. सामना हरल्यामुळे मित्र खट्टू झाला. त्याला म्हणा, '..... अप!'
७. दोन तास वाट पाहिली, पण पाहुणे ..... अप झालेच नाहीत.
८. ताटात वाटीभर उसळ उरली आहे. आई म्हणते, '..... इट अप!'

'अप' झाला की 'ऑफ'ची आणि 'आउट'ची घरंही अशीच शोधा. त्यांची घरं निराळी, पण वाट हीच. अडलात तर विचारा, चुकलात तर पुन्हा करा. आणि एक 'अप' मात्र अजिबात करू नका. कुठला, ते तुम्ही ओळखलंच असेल!

उत्तरे : १. स्पीक २. कॅच ३. सेव्ह ४. ड्राय ५. लुक ६. चीअर ७. टर्न ८. ईट. न करायचा 'अप' : गिव्ह अप.